तुझा चौक कोणी लिहिला?

वडपाडा, ता. तलासरी
३ मार्च २०१९

सुक्या,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोन केला नाही, कारण आपल्याकडे रेंज अजून शाळेच्या टेकाडावरच येते, आणि मी तिथे फोन कानाला लावला की अर्ध्या पाड्याला नेमकी तिथलीच लाकडं वेचायची असतात. शिवाय फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस. झाईला तात्यांच्या चिकूवाडीवर राखणीला जाऊन तुला सात वर्षं झाली, आणि सात वर्षं मी तेवढंच ऐकते आहे. पत्राला हं म्हणता येत नाही. सावकाश वाच. जोडाक्षराशी अडलास तर सोडून पुढे जा, पण दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

आपल्या निलमचं लगीन ठरलं. मुलगा नविन, वाणगावच्या बाजूचा, वायरिंगची कामं करतो. डहाणूला ती ज्या दवाखान्यात कामाला आहे, तिथे तो पंखे दुरुस्त करायला आला आणि चार पंख्यांना आठ दिवस लावले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पोरगा बरा आहे. ताटात काही टाकत नाही आणि मला बोलू देतो.

तारीख दहा मे, शुक्रवार. मतदान होईपर्यंत शाळेचं आवार मिळणार नाही, म्हणून मे. बचत गटाची भांडी लग्नांना देता देता मी बारा वर्षं लग्नंच बघते आहे, तेव्हा लगीन ठरलेल्या सगळ्या पोरापोरींना जे सांगते तेच या दोघांना समोर बसवून सांगितलं. जेवणारी माणसं पत्रिकेवरून मोजू नका, पाड्यांवरून मोजा. तलासरीच्या बाजाराचा दिवस टाळा, माणसं बाजार उरकून येतात आणि तोवर भात संपलेला असतो. पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवा. सामानाच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे द्या, आणि ते माणूस नवरीची आई नको, तिला रडायचं असतं. नवरीने पेज पिऊनच हळदीला बसायचं, गेल्या साली दोघी चक्कर येऊन पडल्या. नविन सगळं मोबाईलमध्ये लिहून घेत होता. निलम म्हणाली, "आये, ते सगळं करू. पण भिंतीवरचं माझ्या लग्नाचं चित्र, माझा चौक, तूच लिहायचा. दुसऱ्या कोणाचा हात भिंतीला नको."

इथे माझं अडलं, सुक्या.

नविनची आत्या धाकलीबाय ही धवलेरी आहे, तिकडची लग्नं तीच गाऊन लावते. परवा घर बघायला आली. चहा प्यायली, भिंतीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "बाय, तुझा चौक कोणी लिहिला?" नवरीच्या प्रत्येक आईला ती हे विचारते म्हणे. आईबापाचं लगीन लागलेलं नसलं तर आधी त्यांचं लावायचं, मग पोरीचं. मी म्हटलं, माहेरी लिहिला. "माहेर कंचं?" मी सांगितलं. तिची थोरली बहीण माझ्याच माहेरच्या पाड्यात दिलेली निघाली. "इचारते तिला," म्हणाली आणि चहाचा कप पालथा घालून गेली.

माझा चौक कोणीच लिहिलेला नाही, हे इकडे फक्त तुला आणि मला माहीत आहे. आपलं लगीन लागलेलंच नाही. आणि मी मात्र तेवीस वर्षं या पाड्यातल्या पोरींचे चौक लिहीत आले, जे लगीन लागलेल्या सवाशिणीनेच लिहायचे असतात.

मी उपाय काढला आहे. वीस तारखेला, बुधवारी, मी झाईला येते. किनाऱ्याकडे आपल्या ओळखीचं कोणी नाही. तिथली एखादी म्हातारी धवलेरी तू बघून ठेव. एका भिंतीवर चौक, दोन माळा, दोन तासांचं काम. पाड्यात कोणाला कळायला नको. मग दहा मेला मी निलमच्या भिंतीला हात लावायला मोकळी.

पांढरा शर्ट आहे का तुझ्याकडे? नसेल तर गळ्याचं माप कळव.

ठकी


१५ मार्च २०१९

सुक्या,

टेकाडावर तुझा मिस्ड कॉल दिसला, मी उलट लावला. सात वर्षांत पहिल्यांदा तू हं म्हणाला नाहीस. म्हणालास, "ठके, चोरून नाय. लावायचं तं पाड्यात, सगळ्यांम्होरं." आणि ठेवून दिलास.

मी तिथेच दगडावर बसून तुला शिव्या दिल्या. गटातली रूपी लाकडं वेचत होती, तिने ऐकल्या. तिला वाटलं निलमच्या सासरच्यांना देते आहे, म्हणून तिनेही दोन घातल्या.

तुझं काय जातं सगळ्यांम्होरं म्हणायला? भिंतीला हात तुझा लागलेला नाही. आपण पंचाण्णव साली इथे राहायला आलो तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. लगीन न लावता राहणारी जोडपी तेव्हाही होती, आजही आहेत, आपल्यात त्याची कोणाला लाज नाही. पुढे कधी सवड होईल तेव्हा लावायचं. मला लाज ती नव्हतीच. दुसऱ्या वर्षी, पाड्यात जिचा शब्द चालतो त्या बायजीच्या घरी लगीन होतं, चौक लिहिणारी सवाशीण तापाने पडली. बायजीने माझ्या अंगणातलं चित्र बघितलेलं होतं. दारात उभी राहून म्हणाली, "पोरी, तुझा हात बरा हाय. तुझं लगीन लागलंय नं?" मी हो म्हणून मान हलवली. बोललेसुद्धा नाही, नुसती मान हलवली. एकवीस वर्षांची होते, नवख्या पाड्यात मला पहिल्यांदा कोणी कामाचं म्हणून बोलावलं होतं.

तांदळाचं पीठ कालवलं, बांबूची काडी चावून मऊ केली आणि लिहायला बसले. चौकाच्या मधोमध पालघट देवी उमटली तेव्हा घरातल्या बाया गाणं थांबवून बघत राहिल्या. ते मला फार आवडलं, सुक्या. तुला खरं सांगते, ते इतकं आवडलं की मान परत सरळ करता आली नाही.

मी पोरापोरींना सांगते की जे काही भांडण असेल ते हळदीच्या आधी मिटवा, हळद लागली की सगळे ऐकायला बसलेले असतात. आपलं सात वर्षांचं आहे. आपणही आता लगीन ठरलेलं जोडपंच, तेव्हा मीच सुरुवात करते. पाड्यात मी सांगते की तू पगारासाठी झाईला गेलास. निलमलाही तेच सांगितलं आहे. ते खरं नाही हे मला माहीत आहे. आज एवढंच लिहिते.

बुधवारी मी येत नाही.

ठकी


२९ मार्च २०१९

सुक्या,

तुमच्याकडे समुद्राच्या बाजूला किती जाणवतं ते माहीत नाही, इथे भुई हलायची थांबलेली नाही. नोव्हेंबरपासून चाललं आहे. आता पोरंसुद्धा आकडे सांगतात, हा तीनचा, हा साडेतीनचा. बरेच जण अजून घराबाहेर प्लास्टिकच्या कापडाखाली झोपतात. आपल्या घराची मागची भिंत कोपऱ्यातून चिरली आहे. चौकाची भिंत शाबूत आहे, मी रोज सकाळी आधी तीच बघते. गटाची पातेली एकावर एक रचायची बंद केली, एकदा सगळी उतरंड रूपीच्या पायाशी आली. लग्नांना आता मी हेही सांगते: भांडी जमिनीवर पसरून ठेवा, आणि म्हाताऱ्यांना भिंतीशी नाही, मांडवाच्या मधोमध बसवा.

परवा पंपावर पाण्याला उभ्या होतो. हिरू म्हणाली, "कोणाच्या तरी चौकात खोट हाय. उगा नाय भुई हलत." तिचा चौक मीच लिहिला होता, दोन हजार नऊला. तिसऱ्या वर्षी तिचा नवरा साप चावून गेला. ती माझ्याकडे बघून बोलली नव्हती, सहज बोलली. सरकारी माणसं येऊन सांगून गेलीत की जमिनीच्या पोटातलं आहे, कोणाच्या पापाचं नाही. मला ते पटतं. अंगणवाडीत जाऊन मुलांना मीच ते समजावलं. तरी मी रिकामा हंडा घेऊन घरी आले.

निलम रविवारी आली होती. तिने हंडा बघितला, मग माझं तोंड बघितलं. पोरगी दवाखान्यात राहून शहाणी झाली आहे, आधी पाणी देते, मग विचारते. मी तिला सगळं सांगितलं. मान हलवल्याचं, आजवर लिहिलेल्या एकतीस चौकांचं, धाकलीबायचं.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग बा तेवढ्यासाठी गेला का?"

मी हो म्हटलं. तुला एका पत्रात जे लिहिता आलं नाही ते तिच्याजवळ एका शब्दात बोलले. तुला माहीत आहे ते मी पुन्हा लिहिते, कारण मी ते तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही. तू मला तीनदा म्हणालास की आपलं लगीन लावू. निलम पाच वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा, तलासरीच्या बाजारातून पांढरा शर्ट घेऊन आला होतास. मी म्हटलं, वेडा झालास का, लोक विचारतील की आधी लागलं नव्हतं का. शर्ट घडी घालून ठेव म्हटलं. पुढे घर बांधलं तेव्हा दुसऱ्यांदा. बारा साली तिसऱ्यांदा, तेव्हा मी म्हणाले की तुला माझं नाव घालवायचं आहे. तू म्हणालास, "म्हंजे मी तुझा कोण, तं मला न् तुला माहीत, दुसऱ्या कोणाला नाय सांगायचं." आठ दिवसांनी तू झाईला गेलास.

निलमने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आम्ही डहाणूला रजिस्टर करू. चौक नको, आत्याबाय नको, कोणाला सांगायला नको." मला सुटल्यासारखं झालं. दोन घटका झालं. मग ती भिंतीकडे बघत होती ते मी बघितलं. लहानपणी माझ्यासोबत लग्नघरांना यायची, पिठाची वाटी धरून बसायची. कोणी नवरीला सुंदर म्हटलं की ही म्हणायची, माझा चौक याच्यापेक्षा मोठा असणार. म्हणून मी तिला म्हटलं, रजिस्टर करा, कागद हवेतच, आधार आणि जन्माचे दाखले आत्तापासून गोळा कर. पण चौक होणार.

गळ्याचं माप अजून कळवलं नाहीस. तो बाजारातला शर्ट तू कोणाला दिलास कोण जाणे.

ठकी


१४ एप्रिल २०१९

सुक्या,

सांगितलं.

बुधवारी गटाची बैठक होती. हिशेबाची वही बाजूला ठेवली आणि उभी राहिले. बायजीला दोघींनी धरून आणलं होतं, तिला आता कमी दिसतं. मी म्हटलं, मला एक बोलायचं आहे, मधे बोलू नका, नाहीतर मी बसेन. मी तेवीस वर्षं चार वाक्यांत सांगितली.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, मग आमची लग्नं लागली की नाय? दुसरी म्हणाली, माझ्या पोरीचा चौक तर हिनंच लिहिलाय, आता ती गरवार हाय. रूपी उठली. तुला माहीत आहे ती कशी बोलते, कमरेवर हात ठेवल्याशिवाय तिचं तोंड उघडत नाही. म्हणाली, "माझं लगीन खरं हाय. सतरा वरसं त्या माणसाचं घोरणं ऐकते, तं खोटं कसं आसंल? न् माझं खरं, तं हिचा हात खरा." थोड्या हसल्या, थोड्या नाही.

बायजी शेवटी बोलली. "मी इचारलं, तिनं मान हलवली. मला तवा सवाशीण पायजे होती, मी दुसऱ्यांदा इचारलं नाय." मग म्हणाली, "एकतीसही घरी जायचं, ठकी. आपल्या तोंडानं सांगायचं. मंग तुझं लगीन लावू. लगीन लागोस्तोवर भिंतीला हात नाय लावायचा."

आजपर्यंत सव्वीस घरं झाली. एका घरी चहा मिळाला, दोन घरी दार लागलं. एकीच्या नवऱ्याने विचारलं, म्हणजे मी आता सुटलो का, आणि तिने त्याला खराटा दाखवला. दोघीतिघी नुसत्या म्हणाल्या, बरं. ते बरं मला दाराइतकंच लागलं. मी वाट बघत होते की कोणी तरी मला भरपूर बोलावं.

हिरूकडे सगळ्यांत शेवटी जायचं ठरवलं होतं, पण ती वाटेतच भेटली. बांधावर बसूनच सांगितलं. तिने विचारलं, "माझा दादला गेला तो तुझ्या हातानं?" साप चावला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, हे तिलाही माहीत आहे. भाऱ्याची दोरी आवळत ती म्हणाली, "सासू म्हंते माझ्या पायगुणानं गेला. सात वरसं मी तंच धरून बसले. आता चार दिस तुझ्यावर टाकून बघते. हलकं वाटलं तं बरं." आणि भारा उचलून गेली.

मी तिला नको म्हटलं नाही. टाकू दे. माझ्याकडे ठेवायला जागा आहे.

आता कामाचं. आपलं लगीन गुरुवारी, नऊ तारखेला. सकाळी आपलं, दुपारून मी निलमचा चौक लिहायला बसणार, दुसऱ्या दिवशी तिचं. धाकलीबायला निलमने स्वतः वाणगावला जाऊन सांगितलं. ती म्हणाली म्हणे, "मला ठावं होतं. कप पालथा घातला तवाच." दोन्ही लग्नं तीच गाणार आहे. माझा चौक रूपी लिहिणार. तिचा हात जड आहे, घोडा काढला की कुत्रा वाटतो, मीच शिकवलं आहे तिला आणि नीट शिकवलं नाही. त्या दिवशी मला तोंड बंद ठेवून बघत बसायचं आहे. लोकांना सांगते ना, नवरीने आपल्याच लग्नात कामं काढू नयेत. बघू जमतं का.

बुधवारी संध्याकाळपर्यंत ये. तलासरी नाक्यावर उतर, नविन गाडी घेऊन येईल. आणि शर्टाचं कळव.

ठकी


२५ एप्रिल २०१९

सुक्या,

एकतीस झाली. हिरू काल पंपावर भेटली. हलकं वाटलं का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिने माझा हंडा उचलून डोक्यावर दिला. एवढंच.

आज नविन आला होता. मांडवाची वायर कुठून न्यायची ते बघितलं आणि माझ्या सांगण्याची यादी मोबाईलवर वाचून दाखवली, काही राहिलं का म्हणून. पाणी, पातेली, पेज, किल्ली, दाखले, म्हातारी मांडवाच्या मधे. एकूण बावीस गोष्टी. मी म्हटलं, सगळं आहे. तो डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, एक नाही यात. मी निलमला विचारलं होतं ना, करशील का माझ्याशी, तर दोन दिवस बोलली नव्हती. ते दोन दिवस सगळ्यांत अवघड होते. ते यादीत नको का?" मी म्हटलं, ते सांगायची गोष्ट आहे का, ते तर झालेलंच असतं. मग तो म्हणाला, "तुम्हाला बाबांनी विचारलं होतं?"

तीनदा, मी म्हटलं.

"आणि तुम्ही त्यांना?"

पोरगं सहज विचारून गेलं आणि शिडी घेऊन मांडवाकडे वळलं. मी ओट्यावर बसून राहिले. मार्चपासून मी तुला चार पत्रं लिहिली. तारीख कळवली, नाक्यावर कुठे उतरायचं ते कळवलं, गळ्याचं माप मागितलं. धाकलीबाय, निलम, बायजी, एकतीस घरं, सगळ्यांना जे सांगायचं ते सांगितलं. तुला मात्र कुठेच विचारलेलं नाही. तू येशील असं धरूनच चालले. तू सगळ्यांम्होरं लाव म्हणालास ते निलमसाठी म्हणालास की माझ्यासाठी, हेही मला माहीत नाही. सात वर्षांत तू काय खातोस, ताप आला तर कोण बघतं, तुला तिथेच बरं वाटतं का, मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हं म्हणाला असतास, पण मी विचारायला हवं होतं.

निलमचं लगीन अडू नये म्हणून हो म्हणू नकोस. धाकलीबायशी मी बोलून आले. पोरीची अडवणूक नको, बाप आला नाही तर ती काही तरी वाट काढेन म्हणाली. मग चौक रूपी लिहील, निलमने ते मान्य केलं आहे, रडली आणि मान्य केलं. तेव्हा तुझ्यावर काहीच अडलेलं नाही. आता मी मोकळेपणाने विचारू शकते.

सुक्या, तुला माझ्याशी लगीन करायचं आहे का?

मला करायचं आहे. भिंतीला हात लावायला मिळावा म्हणून नाही. ते होतं आधी, खोटं कशाला बोलू. पण एकतीस दारं झाली, आणि प्रत्येक दारातून परतताना वाटत होतं की हे घरी जाऊन तुला सांगावं, आणि घरी तू नव्हतास.

नको असेल तर तसं लिही. हं लिहू नकोस.

ठकी


झाई
३० एप्रिल

ठके,

मला मोठं लिहिता येत नाय. तुझी पाची पत्रं मीच वाचली, कोणाला दाखवली नाय. शेवटचं तीनदा वाचलं. मंग चिकूला पाणी लावून आलो न् परत वाचलं.

हो.

तात्यांना सांगितलं आठ तारखेपासून सुट्टी पायजे. कशाला म्हणाले. मी म्हटलं माझं लगीन हाय. ते हसले. मी हसत नाय हे बघून गप झाले, मंग म्हणाले मांडवाला चिकूच्या चार टोपल्या घेऊन जा. टोपल्या एसटीत घेत नाहीत, नविनला सांग गाडी झाईलाच पाठव.

हिरूला माझ्यातर्फे काय तरी सांग. काय ते मला सुचत नाय.

ताप मागच्या साली आला होता. उतरला.

गळ्याचं माप घेऊ नको. शर्ट हाय. तलासरीच्या बाजारातला, तोच. कोणाला दिला नाय, इकडं येताना संगती आणला होता. तू घडी घालून ठेव म्हणाली तशी घडी होती, काल पहिल्यांदा मोडली. घालून बघितला. पोटावरची दोन बटणं लागत नाहीत.

तू बघ आता काय करायचं ते.

सुक्या